माझ्या तोंडाच्या जागी सोनेरी हरीण

आमच्या तामलवाडीत धाकट्या भावाच्या घरी जी मीडिया वॉल झाली, तिला किती खर्च आला हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही. भावानं बायकोला एक आकडा सांगितला, पोराला दुसरा आणि भावकीत तिसरा. बायकोला सांगितलेला सगळ्यात बारीक. भावकीत सांगितलेला पारावरून निघाला तेव्हा गुडघ्याएवढा होता, हायवेला लागेस्तोवर टेम्पोत मावेना, आणि सोलापूरला जाऊन परत आला तेव्हा त्याला टोल भरावा लागला असं म्हणतात. मला मात्र त्यानं कुठलाच आकडा सांगितला नाही. "झालं थोडंफार, दादा," एवढंच म्हणाला. मी जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली. कुठून बसलास विचारल्यावर "हितूनच की, थोडं मागून" म्हणणारा माणूस किती लांबून आलेला असतो ते मला सांगायला नको.

ज्यांच्या गावात ही साथ अजून पोचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मीडिया वॉल म्हणजे टीव्ही टांगायला भिंतीवर उभी केलेली दुसरी भिंत. पहिली भिंत चांगली ठणठणीत असते, हत्तीनं धडक दिली तर हत्तीला टाके पडतील अशी. तिच्यावर प्लायवूड ठोकायचं. प्लायवूडवर संगमरवराचं चित्र छापलेली शीट चिकटवायची. दोन्ही अंगाला लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या मारायच्या, ज्यांनी झाड म्हणून कधी बघितलेलं नसतं. आत चोरून दिवे लावायचे. आणि मधोमध टीव्ही. भावाच्या घरचा टीव्ही एवढा मोठा, की बातम्या सांगणारी बाई डोळे वटारायला लागली की आमच्या आळीतली पोरं आपोआप अभ्यासाला बसतात.

पण ती पहिली भिंत कुठली, ते आधी सांगायला पाहिजे. ती आमच्या दोघांची भिंत.

वडील गेल्यावर वाटणी झाली. भावकीतली चार माणसं बसली, रान वाटलं, भांडी वाटली, विहिरीच्या मोटारीचे वार वाटले. घराच्या मधोमध भिंत घालायची ठरली आणि घोडं देवापाशी अडलं. आमच्याकडं देवाचे टाक वाटत नाहीत. देव थोरल्याकडं राहतो, धाकट्यानं दर्शनाला यायचं. म्हणजे माझ्या भावजयीनं रोज सकाळी वळसा घालून, दोन दारं ओलांडून, माझ्या घरात येऊन हात जोडायचे. भाऊ तेव्हा म्हणाला, "दादा, मधी एक खिडकी ठिवू. तिकडनंच हात जोडतो आमी." गवंड्यानं भाकरीच्या टोपल्याएवढी जागा सोडली. ना चौकट, ना दार. त्या अंगाला बसून बघितलं की थेट माझ्या घरातला देव्हारा दिसायचा.

खिडकी देवासाठी ठेवली खरी, पण देवाला तिचा उपयोग दिवसातून एकदा. बाकीच्या वेळेला ती आमची. त्यातून कालवणाच्या वाट्या गेल्या, थर्मामीटर गेलं, मोबाइलचे चार्जर गेले. एकदा भावाचं पोरगं रांगत इकडं आलं ते दोन दिवस आमच्याकडंच राहिलं आणि तिकडं कुणाच्या ध्यानातही आलं नाही, असं मी सांगतो. भावजय म्हणते, अर्धा तास. अर्ध्या तासाची गोष्ट सांगण्यात काय मजा आहे?

आणि सकाळचा चहा. दूध त्याच्या म्हशीचं, साखर-पावडर माझी. वाटणीच्या कागदावर हे नव्हतं, पण त्या कागदावरच्या कुठल्याही कलमापेक्षा पक्कं होतं. म्हैस अशी, की तिच्या दुधावरची साय काढायला माझी बायको उलथनं वापरायची. तो तिकडं स्टुलावर, मी इकडं पाटावर, मध्ये खिडकी. दोन कप तिच्या कडेवर ठेवायचे आणि मी माकडाची गोष्ट पुढं चालू करायची.

ही गोष्ट म्हणजे, माझी गाडी येडशीच्या बाजूनं रामलिंगाच्या जंगलातून जात होती आणि एक माकड हात करून गाडीत चढलं. खिडकीची जागा धरून बसलं. मी तिकीट मागितलं. त्यानं गालातून शेंगदाणे काढले. मी म्हणालो, "सुट्टे द्या." इथून सुरू झालेली गोष्ट मी निवृत्त झाल्यावरही संपली नव्हती. पुढं त्या माकडानं पास काढला. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा मी गोष्टीत माकडीण घातली. रोज सकाळी एका कपाएवढीच गोष्ट. आणि भाऊ एकच शब्द बोलायचा.

"मग?"

लहानपणी एका गोधडीत झोपायचो तेव्हापासून त्याचा हा शब्द. खरं का, कसं काय, असं त्यानं जन्मात विचारलं नाही. मी सांगितलं की आपल्या विहिरीतला मासा म्हाताऱ्या बेडकाला पाठीवर घेऊन फिरतो, तर तो म्हणायचा, "मग?" गावात मला थापाड्या म्हणणारे लई आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. पण थापा मारणाऱ्यालाही समोर "मग?" म्हणणारा एक माणूस लागतो. तो माझ्याकडं होता, भिंतीपलीकडं.

भावाचं पोरगं पुण्याला कंपनीत लागलं आणि लग्नाला आलं, तिथून सगळं बिनसलं. आजकाल पोरीकडची माणसं पोरगा नंतर बघतात, आधी घर बघतात. पहिले पाव्हणे आले बार्शीकडून. सोफ्यावर सहा जण दाटीनं बसले. मला तिकडं जायला थोडा उशीर झाला. म्हणून मी आपली खिडकीतून मान घातली आणि म्हणालो, "राम राम पाव्हणं, प्रवास बरा झाला का?"

सोफ्यावरची बाई किंचाळली. तिला वाटलं भिंतीवर फोटो लावलाय आणि तो बोलला. मी तिला धीर द्यावा म्हणून माकडाची गोष्ट थोडक्यात सांगितली. मुलीचा बाप गंभीर चेहऱ्यानं सगळी ऐकून घेऊन म्हणाला, "घराला भोक हाय व्हय तुमच्या?"

भावजय म्हणाली, "देवाची खिडकी हाय ती."

"आन् देव असा मधी मधी बोलतो व्हय?"

त्यांनी "कळवतो" म्हणून निरोप घेतला. आमच्याकडं "कळवतो" म्हणजे काय ते कळवावं लागत नाही. त्या संध्याकाळी पोरगं माझ्याकडं आलं. "मोठे आबा, राग मानू नका, पण त्यांनी फोनवर सांगितलं, घर अर्धवट वाटतंय म्हणून." मी म्हणालो, "आरं, अर्धंच हाय की! वाटणी झाल्यावर पुरं कसं दिसंल?" पोरगं हसलं नाही. पुण्यात राहून त्याचं हसू बारीक झालंय.

पंधरवड्याच्या आत सोलापूरहून इंटेरिअरवाला आला. अंगात काळा शर्ट, हातात लाल किरण सोडणारं मोजायचं यंत्र. त्यानं सगळ्या भिंतींवर किरण सोडला. एका भिंतीला दार, एकीला खिडक्या, एकीला मागं न्हाणीघराची ओल. "सर, वॉल हीच घ्यावी लागेल," म्हणून त्यानं आमच्या भिंतीवर थाप मारली. मी अलीकडं पाटावर बसून चहा पीत होतो. माझा कप हलला.

मग त्याला खिडकी दिसली. तिच्यातून मी दिसलो. त्यानं माझ्या कपाळाच्या मध्यावर लाल टिकली उमटवली, आकडा बघितला आणि खूश होऊन म्हणाला, "सर, तुम्ही लकी आहात! रेडी निश आहे इथं. मागून फक्त प्लाय मारायचा. आत वॉर्म लाइट देऊ, एखादा शोपीस ठेवू. मस्त लुक येतो."

निश म्हणजे कोनाडा. आमच्या गावात ज्या कोनाड्यात रॉकेलची चिमणी ठेवायचे, तो आता परदेशातून नाव बदलून आलाय.

"आवं," मी आतून म्हणालो, "मागून प्लाय मारायचा म्हणजे माझ्या तोंडावर मारायचा का?"

"काका, तुमच्या साइडनं काहीच त्रास नाही."

मी भावाकडं बघितलं. "आरं, ह्यो काय म्हणतोय?"

भाऊ स्टुलावर बसला होता. खाली बघून म्हणाला, "दादा, पोराच्या लग्नाचं हाय."

"पोराच्या लग्नाला माझं काय आडवं आलंय?"

"आडवं न्हाय वो... पण मागच्या टायमाला कसं झालं, तुमीच बघितलं की."

"आन् देव?"

हे मी मोठ्यानं विचारलं, कारण मला खात्री होती की इथं तो अडणार. पण उत्तर भावजयीकडं तयार होतं. "भाऊजी, फोटोचा छोटा देव्हारा बसवून देणार हायत ते, पट्ट्यांच्या बाजूला. लाइटचा. अन् सणासुदीला मी येईनच की पुढून."

पुढून. हा शब्द तिनं किती सहज टाकला! गवंडी, भावकीतली चार माणसं आणि वडिलांच्या तेराव्यानंतर झालेली ती रडारड, सगळं ह्याच एका शब्दासाठी झालं होतं, की कुणाला पुढून यायला लागू नये.

त्यानंतर दोन दिवसांनी म्हैस गेली. वैरागच्या बाजूचा माणूस टेम्पो घेऊन आला. भाऊ मला म्हणाला, आता म्हशीचं कुणी करीना, भावजयीचं कंबरडं धरतंय. कंबरडं धरत होतं हे खरं. पण इंटेरिअरवाल्यानं ॲडव्हान्स मागितला आणि त्याच दिवशी कंबरडं धरलं, एवढा योगायोग माझ्या माकडाच्या गोष्टीतही मी कधी घातला नाही. म्हैस टेम्पोत चढेना. चौघांनी ढकलली. मी बघत उभा होतो. ती भिंत म्हैस गिळत होती, शिंगांसकट, आणि तिला ढेकरही येणार नव्हता.

मग ड्रिल मशीन सुरू झालं. ते भावाच्या भिंतीत घालत होते, निघत होतं माझ्या दाढेत. देव्हाऱ्यातले टाक थरथरत पुढं सरकायला लागले. बायको म्हणाली, "देव उठून निघाले बघा, त्यास्नी कळलं आपल्याआधी." माझं कॅलेंडर पडलं, आरसा पडला, आणि एक पाल भिंतीवरून उतरून पायी पायी तुळजापूरच्या रस्त्याला लागली ती परत आली नाही. चार दिवस मी तोंडातून शब्द काढला की त्याच्यामागं मशीन ओरडायचं. माझ्या बोलण्याला मिळालेला तेवढाच हुंकार.

शेवटच्या सकाळी खिडकी अजून उघडी होती. भाऊ चहाला आला. चहा पिशवीच्या दुधाचा. दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही. मी गोष्ट चालू केली. माकडाला मी चुकीचं तिकीट फाडलं होतं, ते तक्रार करायला म्हणून तुळजापूरच्या स्टँडवर उतरलं, हातात तिकीट घेऊन उभं राहिलं, आणि कंट्रोलरची केबिन कुठं म्हणून विचारायला लागलं.

"मग?" भाऊ म्हणाला.

एवढ्यात मागून कारागीर आला. "भैया, जरा हटना." भाऊ उठून दोन पावलं मागं जाऊन उभा राहिला. प्लायवूडचा तुकडा माझ्याकडं सरकत आला, आधी भावाचा गळा गेला, मग हनुवटी, मग डोळे. स्क्रू बसले. माझ्या अंगाला कच्चं प्लायवूड राहिलं, त्यावर कारखान्याचा निळा शिक्का. आजही तो माझ्या घरात आहे. मी रंग दिलेला नाही. का द्यावा? माझ्या साइडनं काहीच त्रास नाही.

दुसरे पाव्हणे आले ते येडशीकडून. ह्या वेळेला मला तिकडं बसायचं बोलावणं होतं, पण अटी होत्या. इस्त्रीची कापडं घालायची, वेळेवर यायचं आणि जास्त बोलायचं नाही. ही तिसरी अट पोरानं घातली, भावानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी पुढून गेलो. चपला बाहेर काढल्या. भावजयीनं ट्रेमध्ये पाणी आणलं. तिच्या लग्नापासून मी त्या घरात पाणी प्यालो असेन तर माठातून, स्वतःच्या हातानं. ट्रे बघून मला काय करावं कळेना. मी ग्लास उचलला आणि ट्रेला नमस्कार केला.

सोफ्यावर बसलो आणि समोर बघितलं. ती सगळी झगमगती भिंत, मधोमध टीव्ही, आणि टीव्हीच्या उजव्या हाताला तो उजेडाचा कोनाडा. आत सोनेरी हरीण. प्लास्टिकचं. मान वळवून सोफ्याकडं बघत उभं. बरोबर जिथं माझं तोंड असायचं तिथं. मला खरं सांगायचं तर ते माझ्यापेक्षा दिसायला चांगलं होतं. गप्पही बसत होतं.

मुलीचे वडील भिंतीवर बोटं फिरवत म्हणाले, "संगमरवर काय?"

"व्हय," भाऊ म्हणाला.

"केवढ्याला गेली?"

भावानं घसा साफ केला आणि साडेचार लाख म्हणाला. म्हैस दोन लाखांची धरली तरी तो आकडा बसत नव्हता. मी जन्मभर थापा मारल्या, पण त्यांत एक माकड होतं, एक बेडूक होता, कुणाला ऐकून चार घटका बरं वाटायचं. भावाची ही पहिली थाप, तीही नुसत्या पैशांची. मी त्याच्याकडं बघितलं. मनात आलं, "मग?" म्हणावं. पण तिसरी अट होती. मी नुसती मान हलवली. मुलीच्या वडिलांना वाटलं, थोरला भाऊ दुजोरा देतोय.

लग्न जमलं. फेडले का हरणानं भावाचे पांग? फेडले की. मी नाही म्हणत नाही.

नंतर सकाळचा चहा मी त्याच आतल्या खोलीत एकटा घ्यायला लागलो. प्लायवूडमागून टीव्ही बोलायचा. मालिकेतल्या सासूचं खोकणंसुद्धा मला पाठ झालं. भाऊ खोकला तर मात्र ऐकू यायचा नाही. भावजय सुरुवातीला मंगळवारी दर्शनाला पुढून यायची. मग पौर्णिमेला. मग तिनं सांगितलं, लाइटच्या देव्हाऱ्यातही मन लागतंय. बायको म्हणाली, "तुमी जावा की तिकडं. भावाकडं जायला कसली लाज?" मी म्हणालो, "जातो. ट्रे धुऊन ठेवायला सांग." मग तिनंच प्लायवूडवर बोटानं टकटक केलं. पलीकडून जाहिरात लागली.

लग्नाच्या आधी चार-आठ दिवसांची गोष्ट. दुपारी दारात गाडी थांबली. भाऊ उतरला, आणि त्याच्याबरोबर त्याचे नवे व्याही. दोघं गावोगाव पत्रिका द्यायला निघाले होते. भावाच्या हातात पत्रिका, तिच्यावर हळद-कुंकू, वर अक्षता. त्यानं ती माझ्या हातात दिली आणि वाकून म्हणाला, "दादा, सगळ्यांनी यायचं."

मी उभाच राहिलो. पत्रिका द्यायची असते परक्याला, लांबच्याला, गावाला. पत्रिकेत माझं नाव छापलं होतं, बोलावणाऱ्यांत, सगळ्यांत वर. मला त्यानं माझ्याच नावानं माझ्याच घरी आवतण दिलं होतं. बायको आतून म्हणाली, "घरातल्या माणसाला पत्रिका देत्यात व्हय कधी?" व्याही म्हणाले, "अवो, आमीच म्हणलो, वाटेतच घर हाय तर थोरल्यांपासून सुरुवात करू. मान असतो ना."

मान असतो. मी बसा म्हणालो. ते खुर्चीवर बसले. भावानं आतल्या खोलीच्या दिशेला बघितलंही नाही, जिथं त्याच्या हरणाची पाठ माझ्याकडं होती. बायकोनं ट्रेमध्ये पाणी आणलं, मग चहा आणला, कपबशीत. भावाला माझ्या घरात बशी पहिल्यांदा मिळाली.

व्याही पंख्याकडं बघत होते. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी भावाकडं जरा पुढं झुकलो आणि म्हणालो, "आरं, ते माकड अजून स्टँडवरच उभं हाय बघ. तिकीट हातात घेऊन."

भावानं बशीतून मान वर केली. व्याह्यांकडं बघितलं, त्यांनी भुवया उंचावल्या होत्या. मग माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत मला आठवण दिसली, शप्पथ सांगतो, अख्खी गाडी दिसली, रामलिंगापासून तुळजापूरपर्यंत. पण व्याही बघत होते.

"कुठलं माकड?" तो म्हणाला.

"कसलं वो?" व्याही हसत म्हणाले. "काय भानगड?"

"काय न्हाय," मी म्हणालो. "चहा घ्या. निवतोय."

त्यांना अजून बरीच गावं करायची होती. भाऊ दारात चप्पल घालताना एकदा थांबला, पण ती चप्पल पायात नीट बसत नव्हती म्हणून. गाडी गेली. बायकोनं ट्रे उचलला. व्याह्यांचा कप रिकामा होता, भावाच्या कपात चहा तसाच. पिशवीच्या दुधाचा. साय धरायलाही तयार नव्हता.